भिंत कोणाची, रंग कोणाचा?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध, महात्मा जोतिराव फुले आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही दोन शब्द बोलणार आहोत. दोन शब्द म्हणतो खरे, पण जरा जास्त होतील. तेवढी मोकळीक द्यावी.

आजचा विषय साधा आहे. आपल्या विहाराची रस्त्याकडची बाहेरची भिंत. गेल्या पावसात तिचा रंग पापुद्रे धरून सोलला, हे तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. वाडीतली मुलं जाता-येता नखाने ते पापुद्रे ओढतात. समितीच्या बैठकीत ठरलं की या भिंतीवर आता चित्र हवं, नुसता रंग नको. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे दोन बाजू झाल्या. काहीजण म्हणाले, अजिंठ्याच्या चित्राचा फोटो टाइल्सवर छापून आणू आणि चिकटवू, दोन दिवसांत काम होईल. मुंबईतल्या एका हितचिंतकांनी त्याचा खर्च उचलण्याची तयारीही दाखवली, त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. दुसरे म्हणाले, पेंटर आणून वारली काढू, हल्ली सगळीकडे वारलीच असते. वाद वाढला तेव्हा महिला मंडळाच्या एक वयस्कर ताई, इतका वेळ गप्प बसलेल्या, उठून म्हणाल्या, ''भिंत आपली, मगे रंग दुसऱ्याचो कित्याक?'' बैठक तिथेच थांबली, आणि पुढच्या वेळी या प्रश्नावर तुम्ही बोला असं आम्हाला सांगण्यात आलं.

आम्हालाच का? कारण आम्ही रंगातले. आम्ही शाळेत सातवीपर्यंतच गेलो. १९८९ साली मुंबईला जाऊन बदली म्हणून गिरणीत लागलो ते रंगखात्यात. जे काही वाचलं-शिकलं ते चाळीच्या वाचनालयात आणि चळवळीतल्या थोरामोठ्यांच्या संगतीत. गिरणी बंद पडली, आम्ही गावी आलो, पण हाताला रंगाची सवय राहिली. रंगखात्यात आम्हाला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवली. रंगवलेलं कापड घ्यायचं, त्यावर ओलं पांढरं फडकं घासायचं. फडक्याला रंग लागला तर माल कच्चा, नाही लागला तर पक्का. पक्का रंग म्हणजे धाग्याच्या आत जाऊन बसलेला. कच्चा म्हणजे वरवर चोपडलेला. आपल्या भिंतीवरचा रंग हा वरून चोपडलेला होता. चिऱ्याची भिंत पावसाळाभर पाणी पिते. ते पाणी बाहेर पडायला वाट शोधतं. वर प्लास्टिकसारखा रंगाचा पडदा असला की पाणी त्याला मागून ढकलतं आणि फोड येतात. त्यात पेंटरचा दोष नाही. भिंत आणि रंग यांची ओळखच झालेली नव्हती.

आता ज्या भिंतीची आणि रंगाची ओळख झालेली असते, ती कशी असते? ती आम्ही लहानपणी पाहिली आहे.

आमचं आजोळ पेडण्याच्या बाजूला, म्हणजे आपल्या जिल्ह्याची हद्द ओलांडली की गोव्यात. तिथल्या गावात एक जुनं देऊळ होतं. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर तांबड्या आणि पांढऱ्या रंगात चित्रं होती. वेली, फुलं, हत्ती, मोर, भालदार-चोपदार. दोनच रंग, पण लांबून पाहिलं तरी डोळ्यांत भरायची. लांबून म्हणतो, कारण जवळ जायची आम्हाला सोय नव्हती. आवाराच्या गडग्याबाहेर उभं राहून पाहायचं. आमचा आजा तरुणपणी चुन्याच्या भट्टीवर राबलेला. खाडीतून शिंपले गोळा करायचे, डोक्यावरून आणायचे, लाकडं फोडायची, भट्टी लावायची, चुना भिजवायचा, मळायचा. तो सांगायचा की त्या चुन्यात गूळ घालतात. आम्ही पोरवयाचे, आम्हाला त्याची गंमत. आम्ही विचारलं, ''आजा, मगे भिंत गोड लागता?'' आजा म्हणाला, ''माका काय ठावक? सुकल्यार हात खय लावूक देतत? चुनो ओलो आसताना आमचो, सुकलो काय तेंचो.''

बंधू-भगिनींनो, तेव्हा आम्ही हसलो होतो. त्याचा अर्थ कळायला पुढे गिरणीत जावं लागलं.

त्या चित्रांना कावी कला म्हणतात. काव म्हणजे आपली तांबडी माती, जांभ्या दगडाची. आपल्या पायाखाली आहे तीच. तिला तांबडा रंग येतो तो लोखंडाच्या गंजामुळे. हा रंग उन्हाने उडत नाही आणि चुन्याने करपत नाही. रंगखात्यातला माणूस म्हणून सांगतो, असे रंग फार थोडे असतात. ही कला आपल्या कोकण किनाऱ्यापासून गोव्यात आणि खाली कर्नाटकात कुमठा-होन्नावरपर्यंत पसरलेली होती. गोव्यात मोरजीच्या मोरजाई देवळात ती आहे. देवळंच नव्हे, तर जुन्या घरांवरही ही नक्षी असे.

ती करायची रीत समजून घ्या, कारण सगळा मुद्दा त्या रीतीत आहे. शिंपले भट्टीत भाजायचे, साधारण नऊशे अंशांपर्यंत उष्णता लागते. त्यांचा कळीचा चुना होतो. त्यावर पाणी ओतलं की तो उकळतो, फुटतो आणि मऊ होतो. धुतलेली रेती आणि गूळ एकत्र करून पंधरा दिवस आंबवायचा. मग सगळं कुटून कुटून लोण्यासारखं करायचं. भिंत भिजवून त्या चुन्याचा पांढरा गिलावा द्यायचा. तो ओला आहे तोवरच वर काव मिसळलेला पातळ थर द्यायचा. आता भिंत सगळी तांबडी दिसते. मग लोखंडाच्या टोकदार सळईने आणि कंपासाने चित्र आखायचं आणि नको तिथली काव खरवडून टाकायची. खालचा पांढरा चुना उघडा पडतो आणि चित्र दिसू लागतं. गुळगुळीत गोट्याने घासून भिंतीला तकाकी आणायची आणि पुढे काही दिवस तिला ओलं ठेवायचं.

यात कुंचला नाही, वर चढवलेला रंग नाही. चुना हवेतला कार्बन वायू पुन्हा शोषून घेतो आणि परत दगड होतो. म्हणजे समुद्रातला शिंपला भट्टीतून जाऊन भिंतीवर परत शिंपल्याइतका कठीण होतो, आणि काव त्याच्या पोटात अडकून बसते. ओलं फडकं घासा, लागणार नाही. आमच्या गिरणीच्या भाषेत हा पक्का माल. भिंतीला श्वास घ्यायची मोकळीकही राहते, म्हणून फोड येत नाहीत. अशी चित्रं शेकडो वर्षं टिकली.

मग गेली कुठे? पावसाने गेली नाहीत. माणसाने घालवली. जीर्णोद्धाराच्या नावाने जुन्या भिंती पाडल्या, सिमेंट आलं, टाइल्स आल्या, वरून ऑइलपेंट आला. होन्नावरचे डॉ. कृष्णानंद कामत (१९३४-२००२) हे मूळ शास्त्रज्ञ, पण त्यांनी गावोगाव हिंडून या चित्रांचे फोटो काढले, टिपणं केली. पुढे उडपीकडचे जनार्दन हावंजे, गोव्यातले सागर नाईक मुळे अशा चित्रकारांनी ही कला पुन्हा हातात घेतली. म्हणजे ती मेलेली नाही. शिकवणारी माणसं आहेत.

इथे तुमच्यापैकी कोणीतरी मनात म्हणत असेल, आणि एका तरुणाने आम्हाला तोंडावर विचारलंच, की ज्या देवळाच्या गडग्याआत आपल्याला पाऊल ठेवू दिलं नाही, त्या देवळाची कला आपण आपल्या विहारावर का आणायची? प्रश्न रास्त आहे. आम्ही तो टाळणार नाही.

याचं उत्तर आम्हाला गिरणीने दिलं. मुंबईच्या गिरण्यांमध्ये एके काळी आपल्या माणसांना साचेखात्यात, म्हणजे विणकामात, घेत नसत. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरताना धागा तोंडाने ओढावा लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने कसा घ्यायचा? विटाळ होतो! पगार जास्त तो साचेखात्यात. आपली माणसं कमी पगाराच्या खात्यांत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि सर्व खात्यांत कामाचा हक्क मागितला. बाबासाहेब असं म्हणाले नाहीत की विणकाम त्यांचं आहे, आपल्याला नको. त्यांनी सांगितलं की ते काम आपलंही आहे आणि त्यावर आपला हक्क आहे.

कावीच्या भिंतीचंही तेच. शिंपले कोणी वेचले? भट्टी कोणी लावली? चुना कोणी कुटला? आमच्या आजासारख्यांनी. त्या भिंतीत त्यांचा घाम आहे, फक्त त्यांचं नाव नाही. देव कोणाचा हा वेगळा प्रश्न. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्याला तिथली देवचित्रं नकोत, आणि कोणी ती आणायला सांगतही नाही. पण तांबडी माती, चुना आणि हाताचं कसब ही कोणा एकाच्या बापजाद्यांची मालमत्ता नाही. आजा म्हणाला, ओला असताना आमचा, सुकला की त्यांचा. आम्ही म्हणतो, आपल्या विहाराच्या भिंतीवर तो सुकल्यावरही आपलाच राहू दे.

आणि भिंतीवर चित्र काढणं ही आपल्या धम्माला परकी गोष्ट आहे काय? अजिंठा पाहिलेले इथे पुष्कळजण आहेत. सहलीत आपण घाईघाईने पाहतो आणि फोटो काढून येतो. पुन्हा जाल तेव्हा भिंतीला जिथे खरचटलंय तिथे नीट पाहा. दगडावर मातीचा लेप आहे. त्या मातीत भाताचा तूस, गवत, झाडांचे तंतू घातलेले आहेत. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. तांबडा आणि पिवळा मातीचा, काळा काजळीचा, फक्त निळा दगड दूर देशातून आणलेला. रीत कावीपेक्षा वेगळी. तिथे ओल्यावर नाही, सुकलेल्या भिंतीवर डिंकासारखा चिकट पदार्थ मिसळून रंग दिला आहे. पण पहिली वस्तू कोणती? माती. ज्या कोण्या हातांनी दीड-दोन हजार वर्षांपूर्वी ती भिंत लिंपली, त्या हातांना सारवण ठाऊक होतं. आपल्या आयाबहिणींना ठाऊक आहे तेच सारवण.

याच अजिंठ्याची एक दुःखाची गोष्ट ऐका. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने चित्रं वाचवण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटलेले पापुद्रे पक्के बसवले, हे चांगलं काम केलं. पण चित्रांवर त्यांनी लाखेचं व्हार्निश दिलं. त्या वेळी चित्रं चकाकली. पुढे ते व्हार्निश पिवळं पडत गेलं, त्यात धूळ अडकली, आणि काढायला नंतरच्या लोकांना वर्षानुवर्षं राबावं लागलं. हेतू चांगला होता, पण वरून चढवलेल्या चकाकीने नुकसान केलं. टाइल्सचा प्रस्ताव आला तेव्हा आम्हाला ही गोष्ट आठवली.

अजून एक धागा सांगतो, तो मुलांनी लक्षात ठेवावा. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम नावाच्या इंग्रज बाईंनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या. त्यांच्यासोबत बंगालचा एक तरुण चित्रकार होता, नंदलाल बोस. त्या भिंतींसमोर बसून त्याने हात तयार केला. हेच नंदलाल बोस पुढे शांतिनिकेतनात शिकवू लागले, आणि भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची पानं त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी सजवली. त्या चित्रांत भगवान बुद्धांच्या जीवनातला प्रसंगही आहे. म्हणजे अजिंठ्याच्या भिंतीपासून बाबासाहेबांच्या संविधानापर्यंत एक रेघ सरळ येते. त्याच शांतिनिकेतनात विद्यार्थ्यांची राहण्याची एक मातीची इमारत आहे, काळो बाडी म्हणतात. तिच्या बाहेरच्या भिंतींवर मातीचीच उठावाची चित्रं केली आणि पावसापासून बचाव म्हणून वरून डांबर फासलं. म्हणून ती काळी. गावात जे मिळतं, गावच्या पावसाला जे पुरतं, ते वापरलं. एवढ्या मोठ्या कलावंतांना त्यात कमीपणा वाटला नाही.

आता आपल्या चळवळीच्या भिंतीकडे येऊ. गिरणगावात आम्ही गेलो तेव्हा १९८२ चा संप होऊन गेला होता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. आमचे वडीलही त्यात होते. आम्ही पोहोचलो तेव्हा गिरण्यांच्या लांबलचक कुंपणभिंतींवर त्या संपाच्या घोषणा अजून पुसट दिसत होत्या. कशाने लिहिलेल्या? गेरू आणि चुना! गरिबाला वर्तमानपत्र काढता येत नाही, त्याला भिंत परवडते. पँथरच्या काळातही, म्हणजे १९७२ नंतर, आपल्या वस्त्यांच्या भिंती अशाच बोलल्या. रात्री दोघांनी डबा धरायचा, एकाने कुंचला, एकाने गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं. आम्हीही नंतर ते केलं आहे. निळा रंग विकत आणावा लागे म्हणून 'जय भीम' तेवढं निळं, बाकी सगळं गेरूने. भिंतीवरची ती अक्षरं हीसुद्धा आमच्या मते भित्तिचित्रंच. ती आपली दुसरी मुळी. एक मुळी आजाच्या चुन्याची, दुसरी बापाच्या गेरूची.

आजकाल भिंती रंगवण्याला मान मिळू लागला आहे, हे चांगलंच आहे. मुंबईत ससून डॉकमध्ये २०१७ साली मोठमोठ्या कलाकारांनी गोदामांच्या भिंती रंगवल्या. लोक रांगा लावून गेले. स्वच्छतेच्या स्पर्धा आल्या तशी शहरोशहरी पुलाखाली, शाळांवर, कार्यालयांवर चित्रं आली. पण पाहा, बहुतेक ठिकाणी वारलीच. वारली ही पालघर-डहाणूकडच्या आदिवासी बांधवांची थोर कला. तिकडे गेरू-शेणाने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढतात, तो सुवासिनी काढतात. जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांनी ती जगात नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण आपल्या भिंतीवर कोणी शहरातला पेंटर कॅटलॉग बघून त्रिकोणाची माणसं काढणार असेल, तर त्यात ना वारल्यांचा फायदा ना आपला. त्यांचं लग्न त्यांच्या भिंतीवर. आपल्या भिंतीवर आपलं काही नको काय?

आणि आपल्याला लांब जायची गरजही नाही. कुडाळातून निघून हायवेने चार पावलं गेलं की पिंगुळी. तिथले ठाकर बांधव पिढ्यान् पिढ्या चित्रकथी करतात. कागदावर चित्रं, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, त्यांचा एक संच म्हणजे पोथी. एकेक चित्र पुढे धरून कथा सांगायची. परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं, ठाकर आदिवासी कला आंगण. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गोठ्यातून पद्मश्री! चित्रकथी ही भिंतीवरची कला नव्हे, पण तिच्याकडून एक गोष्ट शिकायला हवी. तिथे चित्र एकटं नसतं, त्याच्यामागे गोष्ट सांगणारा माणूस असतो. आपल्या भिंतीसमोर उभं राहून आपल्या मुलीने पाहुण्याला गोष्ट सांगता आली पाहिजे. टाइल्सवरचा फोटो दाखवून ती काय सांगेल? ''हे मुंबईहून आणलं.'' बस्स.

तेव्हा आम्ही काय सुचवतो ते स्पष्ट सांगतो. हा हुकूम नाही, सूचना आहे.

पहिली गोष्ट, एकदम सगळी भिंत धरू नये. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो पश्चिमेकडून झोडपतो. रस्त्याकडची भिंत पूर्वेची आहे आणि तिच्यावर पत्र्याची पडवी आलेली आहे, हे नशीब. तरी आधी कोपऱ्यात तीन फूट बाय तीन फुटांचा तुकडा करावा. जुना रंग आणि सुटा गिलावा छन्नीने पूर्ण काढावा, कारण ऑइलपेंटवर चुना धरत नाही. एक पावसाळा तो तुकडा कसा टिकतो ते पाहावं. टिकला तर पुढे जाऊ. नाही टिकला तर आमचं चुकलं असं आम्ही याच जागी उभं राहून सांगू.

दुसरी गोष्ट, चुना आताच भिजत घालावा. पिंपात पाण्याखाली जितके दिवस राहील तितका तो मऊ होतो. चार महिने पावसाचे जाऊ देत. काम ऑक्टोबर संपल्यावर. कळीच्या चुन्यावर पाणी ओतताना मुलांना जवळ येऊ देऊ नये, डोळ्यांत गेला तर डोळा जातो. ते काम जाणत्यांनीच करावं, डोळ्यांवर चष्मा लावून.

तिसरी गोष्ट, शिकवायला कावीचा जाणकार बोलवावा आणि रेघेचा हात दाखवायला पिंगुळीतल्या एखाद्या बुजुर्गाला विनंती करावी. पण फुकट नाही. त्यांच्या कष्टाचा मोबदला द्यायचा, टाळ्या वाजवून बोळवण करायची नाही. आपल्या बापजाद्यांना बोळवणच मिळाली, ते आपण दुसऱ्याला करू नये. हितचिंतकांनी टाइल्ससाठी देऊ केलेली रक्कम या कामी देण्याची विनंती आम्ही त्यांना केली आहे, ते विचार करतो म्हणाले आहेत.

चौथी गोष्ट, चित्र कशाचं? हे एकट्याने ठरवायचं नाही. आमच्या मनात येतं ते सांगतो. मध्ये बोधिवृक्ष, ते कोणी नाकारणार नाही. एका बाजूला महाडचं चवदार तळं, १९२७. दुसऱ्या बाजूला आपलं कोकण: तरवा लावणाऱ्या बाया, डोक्यावर शिंपल्यांची पाटी घेतलेला माणूस, गिरणीचा भोंगा आणि मुंबईची गाडी पकडायला निघालेला बाप. हत्ती आणि कमळ कावीतही होतं आणि आपल्या लेण्यांतही आहे, ते खुशाल घ्यावं. दोनच रंग, तांबडा आणि पांढरा. निळा हवा म्हणून तरुण मंडळी आग्रह धरतील. त्यांना आम्ही म्हणू, निळा वर झेंड्यात आहे, भिंत मातीची राहू दे. पण बहुमत निळ्याचं झालं तर आम्ही आडवे येणार नाही.

शेवटची आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाची गोष्ट. रायगड जिल्ह्यात किनाऱ्याजवळ कुडा नावाची बौद्ध लेणी आहेत. आपल्या कुडाळच्या नावासारखं नाव, पण गाव वेगळं. तिथे दगडावर दान देणाऱ्यांचे लेख कोरलेले आहेत. त्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे. राजे-महाराजेच नव्हेत, हाताने कमावणारी माणसं. ज्याने जे दिलं त्याचं नाव दोन हजार वर्षं टिकलं. देवळाच्या भिंतीवर आमच्या आजाचं नाव नाही. विहाराच्या भिंतीवर ते चूक आपण दुरुस्त करू. भिंतीच्या खालच्या पट्टीत, ओल्या कावीत, प्रत्येक घराने आपल्या हाताने एक नाव खरवडावं. पैसे किती दिले ते नाही, फक्त नाव. ज्याने चुना कुटला त्याचंही, ज्या बाईने रेती धुतली तिचंही, ज्याने शिकवलं त्याचंही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी हाताचा पंजा उठवावा. देणगीदाराची वेगळी पाटी नको.

आमचं वय छप्पन झालं. गिरणीत आम्ही हजारो वार कापड रंगवलं, त्यातलं आज कुठे एक चिंधीही दिसायची नाही. त्याचं आम्हाला वाईट वाटत नाही, पोट भरलं, मुलं शिकली. पण एक भिंत अशी असावी वाटतं, की जिला आमच्या नातीने हात लावून पाहावं आणि कोणी तिला ''बाजूला हो'' म्हणू नये. आणि तिने विचारलंच, आजोबा, यात गूळ घातलाय म्हणतात, मग ही भिंत गोड लागते का, तर आम्ही तिला सांगू, जा, लावून बघ जीभ, भिंत आपली आहे.

चुन्याचं पिंप पुढच्या रविवारी सकाळी विहाराच्या मागे मांडणार आहोत. ज्यांना वेळ आहे त्यांनी जुने कपडे घालून यावं.



नमो बुद्धाय! जय भीम! जय भारत!